लंकाबाईचं जेवण

“गिळ,” चिमाजी म्हणाला. “सावकाश. कुठं गाडी पकडायची नाय आपल्याला.”

लंकाबाईच्या तोंडात दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास होता. घास कसला, तान्ह्या पोराला उष्टावताना बोटावर घेतात तेवढा लगदा. तो तोंडात जाऊन बराच वेळ झाला होता आणि अजून या गालातून त्या गालात फिरत होता. जीभ त्याला मागं ढकलायला तयार नव्हती. मग तिनं मान पुढं वाकवली, दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला आणि डोळे मिटून जोर लावला. समोर बसलेल्या चिमाजीनं आपलाही श्वास कोंडून धरला. अर्धा घास उतरला. उरलेला अर्धा भलत्याच वाटेला गेला आणि तिला ठसका लागला.

ठसका म्हणजे साधासुधा नव्हे. तोंड काळंनिळं होईतो. चिमाजीनं पाण्याचा तांब्या उचलला, तशी तिनं तो कोपरानं उडवला. तांब्या घरंगळत दारापर्यंत गेला. पाणीच तर सगळ्यात वाईट होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की पातळ पाणी सरळ छातीत उतरेल. पण चिमाजी दर वेळी विसरायचा. ठसका लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं, डोक्यावर थापटायचं आणि ‘कोण एवढी आठवण काढतंय’ म्हणायचं, एवढंच आपल्याला जन्मापासून ठाऊक. त्याचा हात आपोआप तांब्याकडे जाई.

खोकला ओसरला. लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि वाटी बाजूला सारली. वाटीत भाकरी होती तेवढीच होती.

चिमाजी पन्नाशीचा. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, हाताचा पक्का आणि डोक्यानं तापट. नाशकात द्वारकेजवळच्या एका चाळीत दोन खोल्या. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि बायकोला जेवताना तो गेल्या दोन महिन्यांपासून बघत होता. त्याआधी त्यानं तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे. अहो, सहज शक्य आहे. संध्याकाळी चिमाजी डेपोतून यायचा, हातापायांचं ग्रीस घासून काढायचा आणि पाटावर बसायचा. तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात पडायची. तो जेवून, हात धुऊन, विडी शिलगावून ओट्यावर गेला की मग लेक जेवायची आणि लेकीचं झालं की लंकाबाई. स्टोव्हकडे तोंड, दाराकडे पाठ. तिनं काय खाल्लं, किती खाल्लं, मुळात खाल्लं का, हे त्या घरात कुणाला माहीत नसायचं. सगळ्या चाळीत असंच होतं, त्यामुळं कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. लेक झुंबर लग्न होऊन येवल्याला गेली, मग तर बघायलाही कुणी उरलं नाही.

झुंबरच्याच पहिल्या बाळंतपणावरून नवराबायकोची जुंपली होती. लंकाबाई म्हणाली, महिनाभर जाऊन येते. चिमाजी म्हणाला, “आणि माझा डबा काय तुझा भाऊ मोतीराम आणून देणार?” शब्दाला शब्द वाढला. लंकाबाई गेली नाही, पण त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. आधी दोन शब्द, मग एक, मग नुसता हुंकार. तोंडाला सतत पदर. चिमाजीनं ओळखलं, हा अबोला. असले अबोले त्यांच्यात मागंही झाले होते. एकदा तर दिवाळी तशीच गेली होती. तोही काही कमी हट्टी नव्हता. “बघू, आधी कोण तोंड उघडतं,” असं मनाशी म्हणून त्यानंही मौन धरलं. ताट आलं की जेवायचं, डबा दिसला की उचलायचा. ती वाळत चालली तरी त्याला वाटलं, रागानं वाळतेय, वाळू दे.

दोघंही गप्प होती. एक हट्टानं गप्प होता आणि दुसरीची जीभच हलत नव्हती. मधे पावसाळा गेला, दसरा गेला.

शेवटी तोंड उघडलं ते शेजारच्या गुलजारबीनं. एका संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “चिमाजीभाऊ, गुस्सा करू नका. पण भाभीला जेवताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?”

“बाईमाणसाला जेवताना काय बघायचं असतं?”

“मग मी सांगते. रोज दुपारी माझ्याकडे येते. भाकर दुधात भिजवते आन तासभर घेऊन बसते. अर्धी बाहेर पडते, अर्धी छातीत जाते. बोलता येत नाय तिला, भाऊ. जबान हलत नाय. तुम्हाला काय वाटलं, रुसली?”

चिमाजीनं मागं वळून पाहिलं. लंकाबाई स्टोव्हपाशी उभी होती, पदर तोंडाशी. तिनं पदर खाली घेतला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि ती पुसण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं. चिमाजीला एकदम स्वतःचीच किळस आली.

मग नाशिकचे डॉक्टर झाले, तिथून मुंबई झाली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढायला लावली, तीही पुरती निघेना. जिभेवर बॅटरी मारून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. त्यातला ‘मोटर’ तेवढा चिमाजीला ओळखीचा वाटला आणि त्याला उगाच धीर आला, की मोटरचं काही असेल तर दुरुस्त होईल. डॉक्टरांनी तोही धीर काढून घेतला. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा झिजत चालल्यात, म्हणाले. बुद्धी शाबूत राहील, कान शाबूत राहतील. आधी जीभ, मग गळा, पुढं हातपाय आणि छाती. औषध नाही. खाण्याकडे मात्र लक्ष द्या, नाशकातच एखाद्या सर्जनला दाखवा.

ते सर्जन म्हणजे डॉक्टर भानोसे. बोलायला सरळ माणूस. त्यांनी स्वतःच्या शर्टवर, डाव्या बरगडीच्या खाली बोट टेकवलं.

“इथं एक लहान छिद्र पाडायचं. त्यातून रबरी नळी थेट जठरात. तेवढीच जागा बधिर करून होतं. मग पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं नळीतून द्यायचं.”

“त्यानं बरी होईल?”

“नाही. आजार थांबणार नाही. पण अंगात ताकद राहील, आणि घासागणिक जीव टांगणीला लागतो ते थांबेल.”

मग त्यांनी टेबलावरची काडेपेटी घेतली, काडी ओढली आणि लंकाबाईच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली. “तोंड उघडं ठेवून फुंका.” तिनं फुंकलं. ज्योत वाकली, पुन्हा उभी राहिली. तिनं पुन्हा फुंकलं, तेव्हा विझली.

“आज विझली,” डॉक्टर म्हणाले. “जोवर विझतेय तोवर मी हे करीन. छातीतला जोर गेला की टेबलावर घेणार नाही, धोका फार. येत्या गुरुवारी या.” मग ते तिच्याकडे वळले. “लंकाबाई, तुम्हाला काय वाटतं?”

लंकाबाईनं चिमाजीकडे बोट केलं. शाळेत पोरीचं नाव घालण्यापासून खिडकीला पडदा कुठला लावायचा इथपर्यंत तिचं बोट नेहमी तिकडंच गेलं होतं.

“विचार करून सांगतो,” चिमाजी म्हणाला.

बाहेर पडताना वॉर्डाच्या दारातून त्याला एक म्हातारा दिसला. नाकात नळी, आणि ती उपसू नये म्हणून दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसता बघत होता. त्या नजरेनं चिमाजीची झोप उडवली. गुरुवार आला. डेपोत काम निघालंय असं सांगून चिमाजी सकाळीच घरातून बाहेर पडला. काम नव्हतं. तो एका बंद पडलेल्या गाडीखाली नुसता पडून राहिला.

पुढच्या आठवड्यात कळवणहून त्याची थोरली बहीण आली, भागीबाई. तोंडानं फटकळ, पण भावजयीवर जीव होता तिचा. येताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणि घरच्या कोंबडीची अंडी घेऊन आली. आल्या आल्या लंकाबाईला जवळ घेऊन रडली, आणि मग पाय पसरून भिंतीला टेकून बसली ती चिमाजीची हजेरी घ्यायलाच.

“पोटाला भोक पाडून जगवायचं ठरवलं म्हणं तू तिला?”

“अजून काही ठरलं नाय, बाई.”

“ठरवू पण नको. जिभेला चव नाय लागली तर ते जेवण कसलं रे? आपण जनावराला पण तोंडानंच घालतो. आन नळीतनं पेज ओतायची, रोज, सहा सहा येळा. कोण ओतणार? तू डेपोत. झुंबरच्या कडेवर पोर. लय हाल व्हतील तिचे. त्यापेक्षा जेवढं जातंय तेवढं जाऊ दे.”

“मीपण तेच म्हणतो,” चिमाजी म्हणाला. त्याच्या मनावरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं झालं. “तिथं एका माणसाचे हात बांधलेले पाहिले मी. तिचे तसे हाल मला बघवणार नाय. उद्या गुरुवार आहे. डॉक्टरांना जाऊन सांगतो, नको म्हणून. तिलाही नकोच असंल. तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलंय का?”

तो हे मायेनं बोलत होता, हे खरं. आणि तिच्याकडे पाठ करून बोलत होता, हेही खरं.

लंकाबाई स्टोव्हपाशी भाकऱ्या करत होती. हातांत अजून बळ होतं तिच्या. पाहुणी आलेली, नवरा जेवायचा. भाकरीचं पीठ मळताना, थापताना तिचा हात नेहमीसारखा चालला होता. तव्यावरची भाकरी फुगली होती आणि तिचा खरपूस वास दोन्ही खोल्यांत भरला होता. तिनं मधेच काहीतरी म्हटलं.

“काय गं?” चिमाजी वळला.

ती पुन्हा बोलली. नुसते स्वर, नाकातून आलेले, ओले. एकाही अक्षराला धार नव्हती.

“पाणी मागती का?” भागीबाई म्हणाली.

लंकाबाईनं मान हलवली. नाही.

“पडायचंय का? पड मग, बाई करतील भाकरी,” चिमाजी म्हणाला.

नाही.

“झुंबरला बोलवायचंय? पोटात दुखतंय? थंडी वाजती?”

दर प्रश्नाला ती जोरजोरात मान हलवत होती. डोळे भरून आले होते, आणि ते दुःखानं नव्हे, संतापानं. चिमाजी उठून तिच्यासमोर गेला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ओठ कसे हलतात त्यावरून काही कळतंय का ते पाहू लागला. काही कळेना. तीस वर्षं संसार केलेली बायको समोर उभी राहून काहीतरी सांगतेय आणि आपल्याला एक शब्द लागू नये? त्यानं हात जोडले. “पुन्हा म्हण. हळू म्हण.” तिनं परातीतला पिठाचा गोळा उचलला आणि धाडकन परातीत आपटला. मग शेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीपलीकडे गुलजारबी राहत होती.

चिमाजी स्वतः बोलवायला गेला. गुलजारबी हात पुसत आली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती सरळ लंकाबाईजवळ गेली आणि कान तिच्या तोंडाशी नेला. घरात नवरा अबोला धरून बसला होता तेव्हा रोज दुपारी तासभर ही बाई ते ओले स्वर ऐकत बसली होती, आणि ऐकून ऐकून तिला ते कळायला लागले होते. चिमाजीला ते आत्ता उमगलं.

लंकाबाई बोलली. गुलजारबीनं “क्या?” म्हणून पुन्हा विचारलं. लंकाबाई पुन्हा बोलली, या वेळी बराच वेळ. गुलजारबी सरळ झाली. तिनं चिमाजीकडे पाहिलं, मग भागीबाईकडे. सांगावं की नाही असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

“काय म्हणते?” चिमाजीनं विचारलं.

“म्हणते, मला भूक लागते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

“म्हणते, रोज लागते. सकाळी उठल्यापासून लागते. भाकरी थापताना लागते, तुम्ही जेवता तेव्हा लागते. हे लोक चवीचं काय सांगतात मला, म्हणते. नाकात घाला, पोटात घाला, कुठून पण घाला, पण पोटात काहीतरी घाला. आन म्हणते...” गुलजारबी थांबली. “म्हणते, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवलं. वाटलं, तुम्ही हो म्हणाल.”

चिमाजीनं तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडे पाहिलं. त्यानं मरणाचा विचार केला होता, तिच्या हालांचा केला होता, बांधलेल्या हातांचा केला होता, बहीण काय म्हणेल याचाही केला होता. भुकेचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. जिनं सगळ्यांना वाढलं तिला भूक लागत असेल, ही गोष्ट त्याला तीस वर्षांत कधी सुचली नव्हती.

भागीबाईनं तवा उतरवला. “मी राहते हितंच,” ती खालमानेनं म्हणाली. “पेज मी ओतीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर भानोसेंनी आधी काही विचारलंच नाही. काडेपेटी घेतली. पहिली काडी ओढली. लंकाबाईनं फुंकलं. ज्योत जराशी हलली. तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा. काडी डॉक्टरांच्या बोटांपर्यंत जळत आली आणि त्यांनीच ती झटकून विझवली.

“मागच्या आठवड्यात का नाही आलात?” ते चिमाजीला म्हणाले. आवाज चढला नव्हता.

“अजून एक काडी, साहेब,” तो म्हणाला. “तिला जरा दम खाऊ द्या. चाळीपासून स्टँडपर्यंत चालत आली ती.”

डॉक्टर थांबले. लंकाबाईनं डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो डॉक्टरांनी बंद करायला लावला. दुसरी काडी पेटली. लंकाबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि साऱ्या अंगातून हवा काढून ज्योतीवर सोडली. ज्योत आडवी झाली. चिमाजीच्या मनात आलं, आपण बाजूनं हळूच फुंकावं. डेपोत त्यानं कधी खोटं काम केलं नव्हतं, पण या क्षणी त्यानं कुठलंही खोटं केलं असतं. त्यानं दातांवर दात दाबून तोंड बंद ठेवलं.

ज्योत विझली.

“चला,” डॉक्टर म्हणाले. “आजच करू. उद्यावर नको.”

दुपारी तिला आत नेलं. चिमाजी बाहेरच्या बाकावर बसला तो उठलाच नाही. कुणी स्ट्रेचर घेऊन गेलं की तो चादरीखालचं तोंड बघायला मान उंच करायचा. शेवटी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, “नळी बसली. श्वास ठीक आहे.” चिमाजीनं मान हलवली, आणि ते वळल्यावर बाकावरच डोकं गुडघ्यांत घालून रडला.

पहिलं जेवण दिलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, नर्सनं शिकवत शिकवत. भागीबाईनं नागलीची पेज पातळ फडक्यातून दोनदा गाळून पाठवली होती. काचेचं नरसाळं नळीला जोडलं, आणि नर्स म्हणाली, धरा तुम्ही, घरी तुम्हालाच करायचंय. चिमाजीनं नरसाळं धरलं. गाडीत ऑइल ओतताना त्यानं कधी थेंब सांडला नव्हता, तरी आज त्यानं दुसरा हात खाली धरला. पेज हळूहळू खाली उतरू लागली. लंकाबाई मान उचलून बघत होती. जिभेला काही लागत नव्हतं, घशाला काही लागत नव्हतं, पण आतमध्ये कुठंतरी ऊब पोहोचली असावी, कारण तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ठसका लागला नाही. तोंड काळंनिळं झालं नाही. नरसाळं रिकामं झालं.

“भरलं का पोट?” चिमाजीनं विचारलं. विचारताना त्याच्या लक्षात आलं, की हा प्रश्न त्यानं तिला आजच पहिल्यांदा विचारलाय.

लंकाबाईनं मान हलवली. नाही. मग रिकाम्या नरसाळ्याकडे बोट केलं आणि ते बोट वर धरलं. अजून एक.

चिमाजी लगबगीनं पेजेच्या भांड्याकडे वळला, तशी नर्सनं भांड्यावर झाकण ठेवलं. “आज एवढंच हं मावशी. पोटाला सवय नाही राहिली. दोन तासांनी पुन्हा देऊ.”

“थोडं द्या ना, बाई,” चिमाजी म्हणाला. “तिनं मागितलंय.”

“उलटी झाली तर सगळं छातीत जाईल. ऐका माझं.” नर्स भांडं घेऊन गेली.

चिमाजी स्टुलावर बसला. जन्मात पहिल्यांदा तिनं जास्तीचं वाढून मागितलं आणि आपल्याला नाही म्हणावं लागलं, हे त्याला सोसेना. भागीबाईनं त्याच्यासाठी डबा पाठवला होता. उन्हं कलायला लागली होती आणि तो सकाळपासून उपाशी होता. लंकाबाईनं डब्याकडे बोट केलं, मग त्याच्या तोंडाकडे. जेवा.

त्यानं झाकण उघडलं. भाकरी आणि पिठलं, वर लसणाची चटणी. वास खाटेपर्यंत गेला. लंकाबाईनं तो वास ओढून घेतला आणि डोळे मिटले. चिमाजीनं झाकण पुन्हा लावलं.

“दोन तासांनी,” तो म्हणाला.

तिनं डोळे उघडून हातानं दटावलं, जेवा म्हणून. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि डबा खाटेवर, दोघांच्या मधे ठेवून दिला. वॉर्डात भांड्यांची आदळआपट चालली होती, कुठंतरी कुणी पोर रडत होतं. डबा अजून कोमट होता. दोघंही भुकेली होती, आणि दोघांनाही ते माहीत होतं.